वसुधाताईंनी उकळलेला नमुना

मोहनराव, ताईंचे यजमान म्हणून आधी तुम्ही, आणि जमलेल्या मंडळींनो,

ताईंच्या शोकसभेत बोलायला उभी राहिलेय, पण डोकं तापलंय. धड रडूही येत नाही. सांभाळून घ्या.

माझ्याआधी आमचे विभागप्रमुख, आमचे सर बोलले. वसुधाताई म्हणजे संस्थेची शान, म्हणाले. अच्छा! इतकी वर्षं ताई तुमच्याच हाताखाली होत्या, सर, तेव्हा शान दिसली नाही ती?

ताईंचं आयुष्य एका जनुकात गेलं. टीएलआर-फोर. त्याचं प्रथिन आपल्या पेशींवर जन्मापासून पहारा देतं. जिवाणूच्या कवचाचा कण लागला, की पेशीला उठवतं. दिल्लीत, मुनिरक्यातल्या माझ्या खोलीवर चहा पिता पिता ताईंनी मला हे शिकवलं.

मग सरांनी एक प्रथिन बनवलं आणि जाहीर केलं, की यानं पहारा जागा होतो. बनवलं होतं जिवाणूंमध्येच, म्हणजे त्यांच्या कवचाचे कण त्यात राहू शकतात. ताईंनी ते उकळलं. उकळलं की प्रथिन मरतं, कवचाची घाण मरत नाही. तरीही पेशी जाग्या झाल्या. म्हणजे सरांचा शोध काय? नीट न काढलेली घाण! ताईंनी भर मीटिंगमध्ये सांगितलं. सर म्हणाले, "ताई, ही लॅब आहे, किचन नाही." सगळे हसले. मीही हसले. लाज वाटते मला.

तो प्रयोग गाळून शोधनिबंध छापला. ताईंनी त्यावरून स्वतःचं नाव काढायला लावलं. त्यांची बढती गेली. आम्ही सह्या करणारे वर चढलो. बिनकण्याचे सगळे, यार, एकजात!

आणि आज सर म्हणतात, त्याच कामावरचं पुस्तक ताईंच्या स्मृतीला अर्पण करणार. जिवंतपणी त्यांनी काढून घेतलेलं नाव, त्या गेल्यावर तुम्ही चिकटवणार? जनाची नाही, मनाची तरी ठेवा.

दवाखान्यात ताई मला शेवटचं म्हणाल्या, "तू तरी एकदा उकळून बघ गं." मी बघितलं. पेशी जाग्या झाल्या. तो निकाल आणि माझं नाव मागे घेणारं पत्र आज सकाळी तो निबंध छापणाऱ्या मासिकाकडे गेलंय. नोकरी जाईल. जाऊ दे.

मोहनराव, ताईंना सांगायला उशीर झाला, म्हणून तुम्हाला सांगतेय. त्या बरोबर होत्या.

मंडळी, त्यांच्या बाजूनं उभं राहायचं होतं ते त्या मीटिंगमध्ये. तेव्हा आम्ही बसून राहिलो. आता उठू या. दोन मिनिटं, अगदी शांत.