खंडेनवमीला धुतलेली खाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आबासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी मित्रहो, आणि दुधनीहून मुद्दाम आलेल्या ईश्वरप्पांच्या घरच्या मंडळींनो,

आपल्या भूशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर ईश्वरप्पा आज निवृत्त होत आहेत. या माणसानं सोलापुरात समुद्र आणला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल. पण ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून खाडीच्या तळात पाईप कोण ठोकायचं? आतल्या गाळाचे थर मिसळू नयेत म्हणून रत्नागिरीपासून एसटीत ते पाईप उभे धरून कोण बसायचं? तिथला एक मच्छीमार हसून म्हणाला होता, "तुमच्याकडे चिखल गावत नाय काय?" ईश्वरप्पा म्हणाले, "हाय की. पन त्यात समुद्र न्हाय."

अशा सव्वीस पाईपांवर आपली संशोधक विद्यार्थिनी दानेश्वरी हिचं संशोधन उभं राहणार होतं. खाडी कधी, किती भरत गेली, हे तिला थराथरातून वाचायचं होतं.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. ईश्वरप्पा गावी होते. विभागप्रमुख म्हणून मी फर्मावलं, पूजेला विभागातलं प्रत्येक हत्यार लखलखीत हवं. मग याच सभागृहात श्रमप्रतिष्ठेवर पाऊण तास बोललो. टाळ्याही झाल्या. तेवढ्या वेळात शिपायांनी मागच्या मोरीत सव्वीस पाईप धुऊन काढले.

ईश्वरप्पा परतले, तेव्हा पाईपांना झेंडूच्या माळा होत्या. त्यांनी आधी नमस्कार केला. मग एक उचलून आरपार पाहिलं.

"सर, ह्यातलं कुटं ठेवलं?"

मी मोरीकडं बोट दाखवलं.

पुन्हा आणावं म्हणून आम्ही दोघं गेलो. तोवर बोटींसाठी खाडीचा तळ उपसून झाला होता. दानेश्वरीनं विषय बदलला. कार्यालयानं लेखी खुलासा मागितला तो ईश्वरप्पांकडे, कारण कपाटाची किल्ली त्यांच्या नावावर. मी म्हणालो, सही करा, पुढचं मी बघतो. त्यांनी केली. मी काहीच बघितलं नाही. सेवापुस्तकात तो शेरा आजही आहे. काल आबासाहेबांना विचारलं, आता तो खोडता येत नाही म्हणाले.

अन्यायाविरुद्ध या जिल्ह्यात मी कुठं कुठं गरजलो, ते तुम्हीच ऐकलंय. त्या एका कागदापुढं माझा आवाज निघाला नाही.

भाषण आवरताना 'काही चुकलं असल्यास' म्हणायची रीत आहे. ईश्वरप्पा, हुकूम माझा होता. तुमच्या घरच्यांसमोर सांगतो. क्षमा मागण्यापलीकडं माझ्या हातात काही उरलं नाही, आणि ती करायची की नाही, हे तुमच्या.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे.