पिंडापुढचा पॉवर फॉरवर्ड

चहा प्या, पण आधी संपतच्या दहाव्याचं ऐका. संपत आन् मी फौजेत एकाच बास्केटबॉल टीममधले. पेन्शनीत आल्यावरबी आमचा रोजचा वाद एकच: अमेरिकेतल्या बास्केटबॉलमधला आजवरचा सगळ्यात भारी पॉवर फॉरवर्ड, म्हंजी बास्केटखाली झुंजणारा गडी, कोण? त्याचा आवडता दांडगा, धडका देत घुसणारा. माझा गप गुमान खेळणारा, बचावाला भक्कम.

माहुलीच्या घाटावर पिंड ठेवला, तर कावळा शिवंना. झाडावर बसून नुसता बघायचा. पोरानं "आईला सांभाळीन" म्हणून शब्द दिला, भावानं हात जोडले. ऊन चढलं. शेवटी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमचंच काय तरी राहिलं आसंल."

मी पुढं झालो. "संपत, हरलो गड्या. तुझाच भारी."

कावळा हलंना. माझं डोकंच फिरलं.

"खोटं बोललो रं! तुझ्या गड्याला बचाव कवा जमलाच न्हाई. माझाच भारी! काय करायचं ते कर!"

तसा कावळा पिंडावर उतरला.

सुटलो म्हणत सगळे उठले. मी तिथंच थांबलो. एवढ्या वर्षांत संपत पयल्यांदाच उलटून बोलला न्हाई.