काढलं असं लिहू नका

गव्हाणच्या बाजूलाच आमचं गाव, गावाचं नाव नका लिहू, का ते सांगते पुढे. बापाचं मिठागर व्हतं, मी परकर नेसायची तवापासून मीठ ओढलंय, मंग मिठागर गेलं, जमीन गेली, काय सांगू तुमाला, आता त्याचं रडून काय होणार. नवरा परांचीवरून पडला तो खाटेलाच लागला, तवापासून मी कळंबोलीला गोदामात पॅकिंगला, नऊ वर्षं. पगारातून विम्याचं कापायचे, त्याच्यावर नवऱ्याचा दवाखाना चालायचा, मना विमा म्हंजे एवढंच म्हाईत.

मंग मालकाने एक लाइन बंद केली, बारा बायका काढल्या, त्यात मी. सुपरवायझर चांगला माणूस, खोटं कशाला बोलू, बोलला मावशी, कामावरून कमी केलं असं पत्र देतो, जपून ठेवा. आणि मी काय केलं? हात जोडले. बोलली, साहेब, काढलं असं लिहू नका. रविवारी पोरीला बघायला उलव्याची माणसं येणार व्हती ना. आमच्यात लोकं लगेच विचारतात, का काढली, काय उचललं व्हतं का. तो बोलला, मावशी, विचार करा. मी बोलली, केला. मंग मीच सांगितलं तसं त्याने लिहिलं, घरच्या कारणासाठी स्वखुशीने काम सोडते. मी सही केली, वर त्याचे उपकार मानले. अक्कल कुठे गेली व्हती माझी!

रविवारी माणसं आली. पोराची आई चहा पिता पिता बोलली, मलाबी कंपनीतून काढलं हो, दोन महिने झाले. असं, सगळ्यांसमोर. लाज नाय, काय नाय. बोलली, काढलेल्या माणसाला विम्याकडनं भत्ता मिळतो, तीन महिने का होईना, मी अर्ज केलाय. मी पोह्याची बशी खाली ठेवली आणि बोलली, मनाबी काढलंय, अर्ज कुठे करायचा?

दुसऱ्या दिवशी आधार, पासबुक, त्या पत्राची झेरॉक्स, सगळं पिशवीत घालून पनवेलला विम्याच्या ऑफिसात गेली. खिडकीवरची बाई गोड व्हती, सगळं नीट समजावलं, नऊ वर्षं भरलंय, तुमचं बसेल बोलली. मना वाटलं देव पावला. मंग तिने पत्र उघडलं. बोलली, ताई, तुमी तर स्वतःहून सोडलंय, सोडणाऱ्याला नाय मिळत. मी बोलली, ते खोटं हाय. ती बोलली, सही कोणाची हाय? तशीच गोदामात गेली, तर सुपरवायझर बोलला, मावशी, कागद वर गेला, आता माझ्या हातात नाय.

आता दवाखान्याचं कार्डबी बंद पडेल बोलतात. नवऱ्याला अजून सांगितलं नाय. पोरीचं जमलं, तेवढंच. विहीणबाई फोन करून विचारते, भत्ता चालू झाला का, मी बोलते, होईल. तिला कुठल्या तोंडाने सांगू, तुमच्यापासूनच लपवायला गेली म्हणून?

तुमचं काम टिको बाई, सुखी राहा. हे सगळं लिहा, पण माझं नाव नका घालू. लग्न व्हायचंय अजून.