माझ्या वाट्याचं बोलणं

सरपंच, गुरुजी, पाव्हणं मंडळी, आणि माझ्या गावच्या बायांनो,

मला माईकवर बोलायची सवय न्हाई. ह्या समाजमंदिरात आजवर माझं नाव कवा कुणी पुकारलं न्हाई, आणि पुकारलं ते मालकांच्या शोकसभेला. शब्द तोंडापर्यंत येतो आणि माघारी फिरतो. गुरुजी म्हणालं, "वैनी, न्हाई जमलं तर नुसता नमस्कार करून बसा." तसंच करणार हुते. पर आज सकाळी घरी एक गोष्ट झालीय. ती सांगितल्याबिगर मला बसता येणार न्हाई.

तुमी समद्यांनी माझ्या मालकांचं चांगलं सांगितलं. मारुतीआबा कष्टाळू, मारुतीआबा इमानी, मारुतीआबा अबोल. जो उठला त्यो अबोल म्हणाला. मी तिकडं बसून ऐकत हुते आणि माझ्या अंगाची आग हुत हुती. कारण आमचं मालक अबोल नव्हतं. मालक लय बोलायचं. फकस्त माझ्याशी न्हाई. चिमणीशी बोलायचं.

पाव्हण्यांना ठावं नसंल म्हणून सांगते. चिमणी म्हंजी आमची कुत्री. ती बघा, मागं पायरीपाशी बसलीय. ओमानहून विमानानं आलेली.

विमानानं! मी अजून विमानात बसले न्हाई. माझ्याकडं पासपोर्ट न्हाई. तिच्याकडं हाय, तिच्या नावाचा.

मालक ओमानला खजुराच्या बागेत कामाला हुतं. झाडांना पानी सोडायचं, शेळ्या बघायच्या. दोन-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचं, पंधरा दिस ऱ्हायचं का महिना, की परत. माझं अर्धं आयुष्य त्या सुट्ट्यांत गेलं. मी म्हणायची, मला बी न्या, चार भाकरी थापून घालीन. तर म्हणायचं, "मजुराला बायको न्यायची परवानगी न्हाई, हौसा." बरं म्हणलं. नियम म्हणल्यावर काय बोलणार?

मग एक दिस फोनवर मागनं आवाज आला, कुंई-कुंई. मालक म्हणालं, "चिमणे, गप की गं." मी इचारलं, ही कोण चिमणी? म्हणालं, "कुत्रीचं पिल्लू हाय. बागेत घावलं."

बायांनो, दुसरी बाई असती तर मी तिथं जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. कुत्रीशी कसं भांडायचं, सांगा मला?

आमचा फोन म्हंजी काय? मालक इचारायचं, शेरडं बरी हायत का, हिरीला पानी हाय का, सचिन काय म्हणतो. सचिन म्हंजी आमचा ल्योक, मुंबईला माथाडीत हाय. एवढं झालं की, "ठेवतो." दर खेपेला, "ठेवतो." मी म्हणायची, आवं, जरा बोला की. तर पलीकडनं नुसता वारा ऐकू यायचा.

शेवटी बागेच्या शेठनं बाग विकायला काढली. मला इतका आनंद झाला! आता मालक कायमचं येणार. मी भिंती सारवून घेतल्या, नवी वाकळ शिवली. आणि फोन आला, "हौसा, यायला उशीर हुईल. चिमणीची कागदं व्हायची हायत."

मी म्हणलं, कुत्रीला कसली कागदं?

तर त्या दिशी मालक बोललं. भरभरून बोललं. कुत्रं असं उचलून आणता येत न्हाई म्हणं. सुट्टीवर येणाऱ्याला तर आणताच येत न्हाई, कायमचा परत येणारा असंल तरच. तिच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालावी लागती. पिसाळल्याची लस टोचावी लागती. सरकारी डॉक्टरचा दाखला लागतो. हिकडच्या सरकारची परवानगी यावी लागती. आणि ती कुठल्या बी विमानतळावर उतरत न्हाई, जिथं जनावरं तपासत्यात तिथंच.

सांगत हुतं, सांगत हुतं. मी फोन कानाला लावून चुलीपुढं बसले. एवढं लांबलचक बोलणं उभ्या जन्मात माझ्या कानावर आलं नव्हतं, आणि आलं ते कुत्रीपायी. बायकोला तिकडं न्यायचा नियम न्हाई, कुत्रीला हिकडं आणायचा हाय! मी म्हणलं, सोडून या तिला. बागेतली हाय, बागेत ऱ्हाईल.

मालक म्हणालं, "शेठ गेला, गडी गेलं, समदी गेली. मी बी गेलो तर ती रोज फाटकापाशी बसंल. मला ठावं हाय ती कशी बसती ते."

मी फोन ठेवला. त्या दिशी मी ठेवला. फाटकापाशी बसणं म्हंजी काय आसतं ते मला कुणी शिकवावं?

पुढं मालक आलं. मुंबईला उतरलं. मी हितं औक्षणाचं ताट काढून बसलेली. आणि सचिनचा फोन, "आई, आबा येत न्हाईत." तिची जुनी लस संपलेली, नवी टोचली ती उशिरा. टोचल्यावर महिना जावा लागतो, त्यो भरला नव्हता. म्हणून चिमणीला सरकारी जाग्यावर अडकवून ठेवली. तिथं आजारी न्हाई ना, पिसाळलेली न्हाई ना, ते बघत्यात. साहेबांचं चुकलं न्हाई. नियम हाय. उद्या पिसाळलेलं कुत्रं आलं तर आपल्याच लेकरांना चावंल.

पर कुत्रीला अडकवली हुती. मालकांना कुणी अडकवलं हुतं? मुंबईहून दहिवडीला यष्टी येती की! आलं न्हाईत. सचिनच्या खोलीवर ऱ्हायलं आणि रोज तिला भेटाय जायचं.

मी काय केलं? ताट आत ठेवलं, शेरडं जावंकडं सोपवली आणि यष्टीत बसले. ठरवलं हुतं, मालकाला हाताला धरून आणायचं. कुत्री ऱ्हाऊ दे सरकारला.

सचिन मला तिथं घेऊन गेला. लांबलचक वऱ्हांडा, दोन्ही अंगाला जाळीच्या खोल्या. मालक पालथ्या बादलीवर बसलेलं, माझ्याकडं पाठ. पाठ किती वाळली हुती. मी हाक मारणार, तवर आवाज आला. मालक बोलत हुतं.

"घाबरू नको, चिमणे. आपलं घर माळावर हाय. तिथं बी आसंच ऊन. घरात हौसा हाय. ती सकाळी उठली की आधी कोंबड्यांना शिव्या घालती, मग मला. तुला बी घालंल. वाईट वाटून घ्यायचं न्हाई. आणि गेल्या गेल्या तुला माडगं खायला घालतो. हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम माडगं. तिच्या हातचं. मी तिकडं आजारी पडलो की डोळं मिटून त्याचा वास काढायचा बघायचो. येत नव्हता. रडाय यायचं गड्या."

मंडळी, मी त्या माणसाला एवढी वर्षं माडगं वाढलं. एका शब्दानं चांगलं झालंय म्हणाला न्हाई. मला वाटायचं, तिकडच्या बिर्याणीनं ह्यांची चव गेली. आजारी पडलेलं तर मला ठाऊकच न्हाई. आणि ही समदं ऐकून बसलेली. कान टवकारून. माझ्या वाट्याचं बोलणं!

मी म्हणलं, "कुणाशी बोलताय?"

मालक दचकून उठलं. "तू कवा आलीस?"

"तुमी माडग्यावर आलात तवा."

खाली बघितलं. मी म्हणलं, "हे मला का न्हाई कवा सांगितलं? फोन नव्हता का?"

मालकांनी जाळीतनं चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणालं, "हौसा, तुला काय बी सांगाय गेलो की तू इचारायचीस, कवा येणार. त्याला माझ्याकडं उत्तर नसायचं. मग पुढचं गिळायचो. ही कवा येणार इचारत न्हाई. म्हणून हिला सांगायचो."

आता मला सांगा, त्यात माझं काय चुकलं? नवरा कवा येणार हे बायकोनं इचारायचं न्हाई तर कुणी इचारायचं? मी तसंच म्हणलं. मालक म्हणालं, "व्हय, खरं हाय." बस, एवढंच. पालथी बादली माझ्याकडं सरकवली आणि आपण फरशीवर बसलं. मी बसले. तिघं बसलो. हाताला धरून आणायचं ते ऱ्हाऊन गेलं.

महिना भरला, डॉक्टरनं तपासली, सोडली. चिमणी गावात आली तवा तुमी समदी बघायला आला हुता. फॉरेनची कुत्री म्हणून. आणि निघाली कशी? आपल्या दारातल्या कुत्र्यांसारखी, तांबडी, लुकडी. तुमी हसलात. मालकांना राग आला न्हाई. म्हणालं, "हिला बी आपल्यासारखं कोरड्या माळावरचंच रूप हाय."

घरी आल्यावर मालक बोलाय लागलं बरं का. पर कसं? "चिमणे, मालकिणीला सांग, च्या ठेव." "चिमणे, मालकिणीला इचार, गुडघा दुखतोय का." मी म्हणायची, तोंड हिकडं करून बोला की, मी का सवत हाय? तर हसायचं. मी तिला उंबऱ्याच्या आत कवा घेतली न्हाई. माडगं घातलं, रोज घातलं. आत घेतली न्हाई.

आणि मालक गेलं त्या दिशी मी बाजाराला दहिवडीला गेलेली. मालक गोठ्यापाशी शेरडांना पाला टाकत हुतं. तिथंच बसलं, तिथंच आडवं झालं. मी आले तवा माणसं जमलेली. जवळ कोण हुतं? चिमणी.

शेवटच्या टायमाला बी तीच. मालक काय म्हणालं आसतील? पानी मागितलं का? माझं नाव घेतलं का? का तिलाच सांगितलं, मालकिणीला सांग म्हणून? ते तिला ठावं हाय. आणि ती सांगणार न्हाई. ह्या गोष्टीनं मी रोज जळते. तुमी म्हणाल, म्हातारी कुत्र्यावर जळती. व्हय. जळते.

आता सकाळची गोष्ट सांगते. हे पुढं बसल्यात ते बशीरभाई. मिरजेचं. त्या बागेत मालकांच्या संगट हुतं, एका खोलीत. आज सकाळी आलं, रडलं, पानी प्यालं आणि पिशवीतनं साखळी काढली. म्हणालं, "वैनी, मारुतीनं माझा शब्द घेतला हुता. त्याला काय झालं तर चिमणीला मी न्यायची. त्यो म्हणायचा, हौसाला तिचा राग हाय. तिच्या गळ्यात ही मागं ठेवायची न्हाई."

मी तशीच उठून हिकडं आले. समद्यांपुढं बोलते.

बशीरभाई, आवं, तुमी शब्द पाळाय लांबनं आलात, तुमच्या पाया पडते. पर मालकांचं चुकलं. मला तिचा राग न्हाई. राग असता तर सकाळीच तिला साखळीला बांधून तुमच्या हातात दिली असती आणि दार लावलं असतं. मी जळते, आणि जळणाऱ्याला ज्याच्यावर जळतो ते डोळ्याम्होरं लागतं. त्या माणसाची ती वर्षं मला मिळाली न्हाईत. ती हिच्यापाशी हायत. हिला तुमी मिरजेला नेली तर माझ्या घरात काय उरलं? एक फोटो.

साखळी न्या माघारी. चिमणी जाणार न्हाई.

आणि तुमी बी आज जायचं न्हाई. तुमाला बोलता येतंय. चार दिस ऱ्हावा. मालक तिकडं काय जेवायचं, कशानं आजारी पडलं, कुणावर चिडायचं, मला समदं सांगा. मी मधी काय इचारणार न्हाई. नुसती ऐकीन.

झालं माझं. लय बोलले. चुकलं-माकलं पदरात घ्या.

आता समद्यांनी उभं ऱ्हावा. माझ्या मालकांसाठी जरा वेळ गप्प ऱ्हाऊ. चिमणी मधीच भुंकली तर कुणी दगड उचलू नका. तेवढा हक्क हाय तिचा. तेवढाच, जास्त न्हाई.