चार नावांचा एक कर्जदार

नाव : जोसेफ एकोव बेन्सिल. वय : ४९ वर्षे. व्यवसाय : ग्रामीण बँकेत व्यवस्थापक. राहणार : मेथडिस्ट चर्चमागे, एन्सुआनो, घाना.

बोलावल्यावरून मी ठाण्यात हजर राहून सांगतो की, आज सकाळी बँकेसमोर ठेवीदारांची गर्दी जमली. मासळी भाजून विकणाऱ्या अराबा मेन्सिमा यांनी घमेले फेकून मारले. दर्शनी काच फुटली. कोणाला लागले नाही. त्या सध्या याच ठाण्याच्या कोठडीत आहेत.

त्यांची ठेव आमच्याकडे आहे. त्यांची आई वारली असून प्रेत इस्पितळाच्या शवागारात आहे. दफन शनिवारी आहे. भाडे भरल्याशिवाय प्रेत ताब्यात मिळत नाही. मी त्यांना "पुढच्या आठवड्यात या" असे सांगत आलो. पुढच्या आठवड्यातही पैसे नसणार, हे मला माहीत होते.

एका माणसाला बँकेच्या भांडवलाच्या ठराविक हिश्शापेक्षा जास्त कर्ज देता येत नाही. मासळीचे व्यापारी क्वामेना आम्पा यांची मर्यादा संपली होती. तेव्हा त्यांनी तीन सख्ख्या भाच्यांच्या नावे तीन अर्ज आणले. मी विचारले, "हे सगळं तुमच्याच कोल्ड स्टोरेजमध्ये जाणार ना?"

ते हसले. "मॅनेजरसाहेब, तुमच्या कागदात बायको नि पोरं विचारलीत. यात माझी बायको आहे? पोरगा आहे? मग करा की सही. तुम्ही देवमाणूस, तुम्हाला कुठं खोटं लिहायला सांगतोय मी?"

'अर्जदार दुसऱ्या कर्जदाराची पत्नी वा अपत्य आहे काय?' या प्रश्नापुढे मी तिन्ही अर्जांवर 'नाही' लिहिले. ते खरे आहे. परंतु आम्ही फान्टे जमातीचे आहोत. आमच्यात मामाचे जे असते ते भाच्याला जाते, मुलाला नाही. मी राहतो ते घरही मामांचे. हे चौघे मिळून एकच कर्जदार आहे, हे मला सही करताना ठाऊक होते.

मी लाच घेतली नाही. आम्पांनी चर्चला छप्पर घालून दिले होते, आणि मी चर्चचा कारभारी आहे.

नंतर कोल्ड स्टोरेजचे यंत्र जळाले. मासळी कुजली. चारही कर्जे एकदम बुडाली, आणि त्यांतच लोकांच्या ठेवी होत्या.

आज काच फुटण्यापूर्वी अराबा आंटी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "रविवारी माझ्या आईसाठी प्रार्थना म्हणतोस आणि सोमवारी मला हाकलतोस? ती तिकडं गारठ्यात पडलीय रे. तिथलंही यंत्र जळायची वाट बघतोयस का?" मी पडदा ओढून घेतला. घमेले त्यानंतर आले.

काचेबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना सोडावे. अर्जांवरच्या सह्या माझ्या आहेत. बँकेच्या कारकुनाला त्यात गोवू नये. शवागाराचे भाडे मी पदरच्या पैशांनी भरतो असे कोठडीशी जाऊन म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुझे नकोत. माझे दे."

हा जबाब मला फान्टे भाषेत वाचून दाखवताना कोठडीपर्यंत ऐकू जाईल असा वाचावा, अशी मी विनंती केली, तसा वाचला. 'सही करताना ठाऊक होते' ही ओळ अराबा आंटींनी आतून पुन्हा वाचायला लावली. ती पुन्हा वाचण्यात आली. मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.