बोर्डावरच्या बयाबाई

— गेल्या म्हंजे गेल्याच की, पावणं. बयाबाई. न्हाय, बाजारात न्हाय. वर. — बसा, बसा, टोपी काढून उभं ऱ्हाऊ नका. म्हंजे दुःख हाय, हायच, पर तुमी बसा. ती नारळाची पिशवी ठेवा त्या खुर्चीवर. गणपतराव साहेब साईटवर गेल्यात, मनाली झेरॉक्सला गेलीय, हापिसात मी एकटाच. ज्ञानू म्हणत्यात मला, हितलं कंप्युटरचं समदं मी बघतो. आन तुमी विजयसिंहांचं वडील, पिराजीराव, राधानगरीचं. वळखलं की, नाक तेच हाय. मनालीला मागणी घालायची, तर आधी तिच्या आत्याच्या कानावर घालावं म्हणून आलासा. रीतीला धरून हाय. पर आत्याच न्हाय ऱ्हायली तर काय करणार? सुतक. आता वर्षभर घरात कार्य न्हाय. आन वर्षात माणसाचं मन बदलतं, पुण्यात तर लईच. दुसरी एखादी बघा की विजयसिंहांना, घाई काय हाय —

कशानं गेल्या? नेट गेलतं. — न्हाय, हार्ट. हार्टच. नेट गेलतं म्हणून कुणाला लवकर कळलं न्हाय.

विजयसिंहांनी त्यांना कधी बघितलं न्हाय म्हणतासा? कसं बघणार, त्या बोर्डावरच असायच्या. बोर्ड म्हंजे — इकडं सरका, दावतो. ह्यो स्क्रीन बघा. शाळेतला फळा कसा, तसा पांढरा फळा, पर इंटरनेटवर. मनाली हितं बसून तुमच्या बंगल्याचा नकाशा काढती, आन तुमचं विजयसिंह पुण्यात बसून त्यो जागच्या जागी बघत्यात, खोडत्यात, खुणा करत्यात. गेल्या वर्षी साहेबांनी ब्रॉडबँड घेतलं तवा मीच शोधून काढलं हे. मी. मनाली म्हणली, "ज्ञानू, नादखुळा!" अशी म्हणली, हात वर करून. मग विजयसिंह आलं. तवापासनं नादखुळा काय मला ऐकू आलं न्हाय.

पयल्यांदा लिंक सगळ्यांना एकच हुती. शिवाजी पेठेतल्या एका गिऱ्हाईकानं ती तालमीतल्या पोरांना दिली. सकाळी येऊन बघतोय तर नकाशातल्या त्याच्या हॉलमधी फुटबॉलची टीम उभी. गोलकीपर देवघरात. बेडरूममधनं बाण मारलेला — हितनं पास दे. त्यात त्याची भावकी घुसली, एका चुलत्यानं वरच्या मजल्यावर म्हशीचा गोठा काढला, जिन्यासकट. साहेब म्हणलं, ज्ञानू, ह्याला कुलूप पाहिजे. तवापासनं हरेक पावण्याला येगळं नाव, येगळा पासवर्ड. आपल्या बोर्डापलीकडं दुसऱ्याचा बोर्ड दिसणार न्हाय. कुणी नुसतं बघायचं, कुणी खोडायचं, ते मी ठरवणार. काम संपलं की त्या पावण्याला दार बंद. माझ्या परवानगीबिगर ह्या बोर्डावर मुंगी येत न्हाय. — आन विजयसिंहांना खोडायची परवानगी कुणी दिली? मीच. ह्या हातानं. वर फोन करून इचारलं, "लॉगिन झालं का सर?"

बोर्डावर हरेकाचा एकेक बाण फिरतो. त्यांचा हिरवा, मनालीचा लाल. ती जिना काढती, ह्यो जिन्यावर. ती बाल्कनीत गेली, ह्यो बाल्कनीत. बंगला अजून जोत्यावर न्हाय आला, आन ह्यांचं गच्चीत फिरणं सुरू! मंदीत त्यांच्या कंपनीनं अर्धी माणसं काढली, ह्यांना काय काढलं न्हाय. — न्हाय न्हाय, चांगलंच झालं की. तुमचं पोरगं हाय. चांगलंच हाय. — एक दिवस त्यांनी बाथरूममधी कमळ काढलं. कमळ! इंजिनिअर माणूस! आन ती हसली. हितं, ह्या खुर्चीत, माझ्या शेजारी बसून पुण्याकडं बघून हसली. मी दिवसभर एवढं बोलतोय, साहेबांच्या खुर्चीला गणपतीत हार घातला, साहेब बसल्यावर उदबत्ती ओवाळली, तरी हसली न्हाय. कमळाला हसली.

म्हणून म्हणलं बोर्डावर कुणीतरी वडीलधारं पाहिजे. म्हणलं म्हंजे — बयाबाई म्हणल्या. मी त्यांना पासवर्ड दिला. निळा बाण. आल्या आन आल्या आल्या लिवलं, "देवघरातनं चप्पल घालून फिरू नका." दोन्ही बाण जागच्या जागी थांबलं बघा. मनालीला वाटलं ही विजयसिंहांची आत्या, विजयसिंहांना वाटलं मनालीची. दोघंबी आत्या-आत्या करायला लागली. इचारणार कोण? आपल्यात वडीलधाऱ्या बाईला "तुमी कोण" असं तोंडावर कोण इचारतंय? मला वाटलं हुतं दोन दिवसांत — त्यांना वाटलं हुतं, बयाबाईंना — दोघं लाजून बोर्डावर यायची बंद हुतील. कुठलं! आत्या, बसा. आत्या, तुळस कुठं ठेवायची. मग जरा भांडण लावावं म्हणून लिवलं, "पोरीला स्वयपाक येत न्हाय." तर विजयसिंह म्हणलं, मला येतो. लिवलं, "पोरगं घोरतं." ह्या बाईला कसं ठाऊक, असं त्यांनी इचारलंबी न्हाय. आन मनाली म्हणली, "चालतंय आत्या, मीबी घोरते." — घोरते! एवढी वर्षं माझ्या शेजारी बसती, मला कधी सांगितलं न्हाय!

काय म्हणालासा? — लगीन म्हयन्याच्या आत? ते का? — गेलेल्या बाईच्या मनात हुतं म्हणून? न्हाय ओ, सुतक — घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत उरकायचं, न्हायतर तीन वर्षं थांबायला लागतंय? ही कसली रीत? कुणी काढली? — थांबा. फोन कुणाला लावतासा? कसला हॉल? कुठला बँडवाला? ठेवा, ठेवा त्यो फोन खाली. — न्हाय गेल्या त्या. बऱ्या हाईत. उठल्या. — उठल्या म्हंजे उठल्या, आमच्यात एकेक माणूस उठतंय. — कुठं हाईत?

हितं. तुमच्या म्होरं. निळा बाण मी.

हसा. हसून घ्या. मला वाटलं काठी उचलतासा. — गंमत हाय व्हय? ह्या गमतीपायी मी रोज सांजच्याला हापिस सुटल्यावर, घरच्या कंप्युटरवर, जेवण सोडून दोघांचा संसार लावत बसलोय. माळ्यावर पिंप कुठं ठेवायचं तेबी मीच सांगितलंय.

— तिला सांगितलंय का म्हणतासा? काय सांगायचं असतंय? — एकदा लिवलं. बयाबाईंच्या तोंडनं. लिवलं, "तुझ्या शेजारी बसतंय ते पोरगंबी वाईट न्हाय, मनाली." लाल बाण त्या ओळीपाशी आला. मग तिनं लिवलं, "आत्या, ज्ञानू माझ्या भावासारखा हाय." सगळ्यांच्या म्होरं. आन त्या हिरव्या बाणानं त्याच्याखाली फूल काढलं. परत फूलच! मी समदं खोडलं. खोडायची परवानगी हाय की मला. पर मी वाचलेलं कुठनं खोडू, पावणं?

मीच सांगू? आता? तोंडावर? — आन तुमी थांबणार? अवो, तुमचं पोरगं हाय त्यो! तुमी त्याच्या बाजूनं का माझ्या? — बरं. बरं. तिचं तिला ठरवू दे म्हणतासा. ते खरं. मोठ्या मनाचं हाईसा. पोरावर न्हाय गेलासा. — जिन्यावर? व्हय, तीच. चपलेवरनं कळतंय मला.

ये, मनाली. हे विजयसिंहांचं वडील. — आत्ताच आलेत. न्हाय, मी काय बोललो न्हाय, इचार की. — मनाली, मला जरा तुला… न्हाय, तू आधी बस. घामाघूम झालीयास. — मला काय म्हणायचंय, तू आन मी, हितं एवढी वर्षं… कशाला घाबरतीस? त्यांच्याकडं काय बघतीस? काय वाईट न्हाय झालं. अगं डोळं कशाला भरलं, न्हाय म्हणलं न्हाय कुणी!

… हो म्हणल्यात बयाबाई. हेच सांगत हुते हे. हो म्हणल्यात. — व्हय ना, पावणं? — माझ्याकडं काय बघतासा, तिच्याकडं बघून मान हलवा की. — हलवली बघ. झालं? — रडतीस काय, येडी. पाया पड त्यांच्या. ऊठ. आता खाली घेऊन जा त्यांना, चहा पाज. — मी न्हाय येत. मला प्रिंटा काढायच्यात. — पावणं, ती पिशवी ऱ्हायली तुमची. न्हाय, मला कशाला, तिच्याकडं द्या. — काय बोलू नका आता. जावा. जावा म्हणतोय की! आन दार ओढून घ्या, वाऱ्यानं कागद उडत्यात.