शिवेवरची कुपी

लिवून घ्या ताई, मी मूळची मुळशीकडची, डोंगरातली. लगीन होऊन माणमधी आले तवा हितं भात व्हता, ऊस व्हता, आन ह्या वावरातून हाक मारली तर त्या वावरात ऐकू जायची, आता बघा, खिडकी उघडली की नुसती धूळ आन डंपर. जमीन गेली, घर तेवढं ऱ्हायलं, ते सांगत बसत न्हाई, समद्यांचं तेच हाय. मालक जाऊन वरसं झाली. मला एकच ल्योक, संदीप. चाकणला कंपनीत हाय, शिफ्टनं जातो, आन त्याला नाद काय लागावा, तर बाटल्यांचा. दारूच्या नव्हं हो! हसू नका, माझी जाऊ बी अशीच हसली व्हती.

काचेच्या जुन्या कुप्या, अत्तराच्या, औषधाच्या, चपट्या, फुगीर, मान वाकडी झालेल्या. म्हणलं, अरं, लोक सोनं जमवत्यात, तू काय जमवतोस. तर म्हणतो, आई, परवडंल तेच जमवावं माणसानं. दुकानात जायचाच न्हाई, तितं जुनं म्हणलं की भाव डोक्यावर बसतो म्हणायचा. सुट्टी असली की थेरगावात, डांगे चौकाच्या मागं, भंगारवाल्या चाचाकडं जाऊन बसायचा, काच वजनावर जाते ना, ती फोडून गोणीत भरायच्या आधी ह्यो हात घालायचा. चाचाला चहा पाजायचा, आपलीच जुनी पत्र्याची पिंपं नेऊन द्यायचा, आन म्हणायचा, चाचा, अख्खी दिसली की बाजूला ठेवा. कुठं जुनं घर पाडत आसले की ह्यो हजर. काचेत बुडबुडा दिसला की हरखून जायचा, तोंडानं फुंकून केलेली हाय आई, बघ, बघ. मी म्हणायचे, बघितली, आता हात धू आन जेव. सून प्रियांका संत तुकाराम नगरची, मोठी हौशी पोर, तिनं हॉलमधी फळ्या मारून घेतल्या त्याच्यासाठी. दोघं मिळून पुसत बसायची, बघून बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.

पर ती कुपी आली आन माझं चित्त काय थाऱ्यावर ऱ्हायलं न्हाई. काय सांगू तुमाला. आमचं खालचं वावर गावच्या शिवेला लागून व्हतं, तितं आता आयटीवाल्यांची बिल्डिंग व्हतीय. संदीपचा दोस्त तितं पोकलेन चालवतो, त्यानं फोन केला, भावा, पाया खोदताना बाटली निघालीय, फोडू का ठेवू. ह्यो पळत गेला. घेऊन आला ती मुठीएवढी हिरवी कुपी, पोट मोठं, मान आखूड, तोंडाला लाख लावलेली आन लाखेखाली काळा दोरा गुंडाळलेला. माझ्या हातात परात व्हती, ती तशीच खाली पडली.

आता त्याचं मूळ सांगते. माझ्या सासूची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. बारसं झालं की ताप यायचा आन संपायचं. मंग सासऱ्यांनी देवरुशी आणला, घरामागं जे काय लागलं व्हतं ते त्यानं बाटलीत कोंडलं, लाख लावली, दोरा बांधला आन शिवेवरच्या दगडाखाली पुरली. त्याच्यानंतर माझे मालक जगले, त्यांच्यामागं दीर-नणंदा जगल्या. हे मला सासूनं सांगितलं ते संदीप झाल्यावर, पोटुशी असताना न्हाई. पोटुशी बाईच्या कानावर ह्यातलं अक्षर घालायचं न्हाई, आमच्यात तसंच हाय, तिच्या कानावर गेलं की त्याला वाट सापडते म्हणत्यात. आन सूनबाईला तवा सहावा लागलेला.

संदीपला परसात नेलं, सांगितलं समदं, म्हणलं, मेल्या, व्हती तितं ठेवून ये. हसला न्हाई, ते बरं केलं, पर म्हणला, आई, कुठं ठेवू? शीव कुठं ऱ्हायलीय? दगड कवाच डंपरमधी गेला, तितं आता जमिनीखाली पार्किंग येणार. म्हणलं, मंग निदान उघडू तरी नको. न्हाई उघडत म्हणला, आन माझ्या शब्दाखातर कपाटावर, पार मागं सारून ठेवली. प्रियांकाला काय सांगू म्हणला, तर मीच म्हणलं, काय बी सांगू नको.

सातव्यात डोहाळजेवण काढलं. बायका आलेल्या, मी पुऱ्या तळत व्हते. आन पोरीची हौस बघा, फुगे-बिगे नको म्हणली, ह्यांच्या बाटल्यांतच फुलं लावू, किती छान दिसेल. तिची बहीण स्टुलावर चढली, कपाटावरची ती बी काढून दिली. गरम पाण्यात बुडवली, सुरीनं लाख खरवडली, दोरा कात्रीनं कापला, आन मला पत्ता न्हाई. मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन भाईर आले तर पोर झोक्यावर बसलेली, हिरवी साडी, फुलांचे दागिने, आन तिच्या पुढ्यात, समद्या बाटल्यांच्या मधोमध ती कुपी, निशिगंधाची काडी खोवलेली. अगं बया! ताट तितंच खाली ठेवलं. कसंबसं इचारलं, पोरी, काय व्हतं का गं त्यात? तर हसून म्हणते, काही नव्हतं आई, रिकामीच होती, मी डोळा लावून बघितलं ना.

रिकामीच व्हती म्हणं. लाख लावून, दोरा बांधून कोण रिकामी बाटली पुरतं का हो?

ओटी भरली, पेढा का बर्फी इचारून झालं, बायका हसल्या, मी बी हसले. चारचौघीत काय करणार. मंग एक दिवस कुपी पिशवीत घातली आन आमच्याच वावराकडं गेले, म्हणलं कुठल्या तरी कोपऱ्यात पुरून येईन. गेटवर वॉचमन, परभणीकडचा पोरगा, म्हणतो मावशी, पास दाखवा. म्हणलं, लेकरा, हितं मी गुडघाभर चिखलात भात लावलाय, आन मला पास मागतोस व्हय रं? पिशवी बघू म्हणला, बघितली, रिकामी बाटली हाय की, टाका तितं कचऱ्याच्या ड्रममधी. पिशवी उचलली आन आले माघारी.

तवापासून ती माझ्या उशाला हाय. तोंड उघडंच ठेवलंय. संदीप म्हणतो, आई, याला काय अर्थ हाय, मी म्हणलं, तू तुझं काम कर. जे सुटलंय त्याला रोज सांगते, परत यायचं आसंल तर हितं ये बाबा, माझ्याकडं ये, माझं समदं बघून झालंय, पोरीच्या वाटंला जाऊ नको. येडी म्हणा मला. पर भ्या वाटतंय, ताई, लई भ्या वाटतंय.

पोर आता माहेरी हाय, पहिलं बाळंतपण. आज सकाळी तिचाच फोन, आई, मी उठल्यापासून बाळ हललंच नाही हो, झोपलं असेल का. म्हणलं, व्हय गं बाई, झोपलं आसंल, पर दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता जा. संदीप बी शिफ्ट टाकून चाकणवरनं निघाला, एव्हाना पोचला आसंल. तिला सुखरूप सुटू दे, माझं उरलंसुरलं आयुष्य तिच्या लेकराला लागू दे, आजून काय मागू मी. तुमी आलाय ते लई बरं झालं, एकटीला बसवत न्हाई, म्हणून तर एवढं बडबडले. लिवलं ते लिवलं, पर एक करा ताई, ह्यो मोबाईल घ्या, तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या. वाजला की तुमीच उचला. माझ्यानं न्हाई उचलवणार.